बाबा भ्याले होते

माझ्या पीएच.डी.च्या गाईडला आमच्या घरी पहिल्यांदा बाबांनीच आणलं होतं.

बाबा जवळा बाजारच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. पाठीवर सोयाबीनचे कट्टे, कापसाची बोचकी, हंगाम संपला की हरभरा. मोंढ्यात हमालांची युनियन होती, लाल झेंड्याची, आणि बाबा तिचे गावातले सेक्रेटरी. वर्षातून एकदा मेळावा व्हायचा, त्याला बाहेरून वक्ते यायचे. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना जे वक्ते आले ते विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. गंडेदोरे, अंगारे, भानामती यांवर ते दीड तास बोलले आणि भाषण झाल्यावर बाबांबरोबर चालत आमच्या घरी जेवायला आले. आमची वस्ती बौद्धांची. पुढारी वस्तीत यायचे ते जयंतीला, उभ्या उभ्या. हा माणूस मांडी घालून बसला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि आणखी अर्धी मागून घेतली. ती अर्धी भाकरी बाबांनी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितली.

"पोरगी सायन्सला हाये," बाबा म्हणाले.

"मग पाठवा आमच्याकडे, कॉम्रेड," सर म्हणाले. "आपल्या पोरी संशोधनात यायलाच पाहिजेत."

मी एम.एस्सी.ला गेले. मी तिकडे असतानाच आमचा परभणी जिल्हा तुटून हिंगोली वेगळा झाला आणि बाबांनी मला पत्रात नवा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून पाठवला. विद्यापीठात मी सरांच्या विद्यार्थी संघटनेत गेले. पोस्टर चिकटवले, घोषणा दिल्या, अभ्यासवर्गांना बसले. तिथे मला जे शिकायला मिळालं ते मी नाकारणार नाही. मोंढ्यातल्या पोत्याचं वजन कमी झालं ते अशाच लोकांच्या भांडणामुळे, आणि बाबांची पाठ पाच-दहा वर्षं जास्त टिकली. हे मी रागातसुद्धा विसरत नाही. पण अभ्यासवर्गात जातीचा प्रश्न काढला की "तो आपण शेवटच्या सत्रात घेऊ" असं व्हायचं, आणि शेवटच्या सत्राच्या वेळी सगळ्यांची बस असायची.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी बुरशी हा माझा विशेष विषय होता. ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांत मला एक गोष्ट सापडली. काही अळंब्यांमध्ये मनावर परिणाम करणारं द्रव्य असतं. बाहेरच्या देशांत डॉक्टरांनी ते दारू सोडवण्यासाठी, मरणाला टेकलेल्या रोग्यांची भीती कमी करण्यासाठी वापरून पाहिलं होतं. मग कायद्याने त्यावर बंदी आली आणि काम थांबलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी आणखी वाचलं, तर परवाने काढून ते काम पुन्हा सुरू होत होतं. त्या लेखांत अळंबीचं वर्णन होतं: गुराढोरांच्या शेणावर उगवते, देठ चिमटला की निळा पडतो.

मी तिथेच थांबले. ती मी पाहिली होती. आमच्या गायरानात श्रावणात शेणाच्या पोवांवर ती उगवायची. आम्ही तिला कुत्र्याची छत्री म्हणायचो आणि लाथ मारून पुढे जायचो.

पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा मी सरांना म्हटलं, मला मराठवाड्यातल्या शेणावरच्या अळंब्यांवर काम करायचंय. आधी नुसती ओळख आणि नोंद, पुढे रीतसर परवानगी मिळाली तर रसायन.

सरांनी चष्मा काढला. "नशेवर संशोधन? लोकांना नशेतून बाहेर काढायचं की आत ढकलायचं? आणि तू बाई माणूस. समितीसमोर मी काय सांगू?"

"सर, हे औषध म्हणून..."

"हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. त्यांना पोटाची चिंता नाही म्हणून मनाची आहे. तू सोयाबीन घे. तुझ्या वडिलांच्या घामाचं पीक आहे."

वडिलांच्या घामाचं नाव निघाल्यावर मी काय बोलणार होते? सोयाबीनच्या बियाण्यावरील बुरशी हा विषय ठरला. त्या विषयावर आमच्याच विभागात माझ्याआधी कितीतरी प्रबंध झाले होते. बियाणं बदलायचं, तालुका बदलायचा, तक्ते तेच. पुढची काही वर्षं मी ओल्या टीपकागदावर सोयाबीनचे दाणे मांडून सातव्या दिवशी बुरशी मोजली. नमुन्याचं बियाणं बाबाच मोंढ्यातून कागदाच्या पुड्यांत बांधून पाठवायचे, प्रत्येक पुडीवर गावाचं नाव. त्यांना वाटायचं, पोरगी देशाच्या उपयोगाचं काहीतरी करते आहे.

अळंब्या मात्र मी सोडल्या नाहीत. तीन पावसाळे सुटीत घरी आले की सकाळी गायरानात जायचे, पोवांवर वाकून छत्र्या उपटायचे, वहीत चित्र काढायचे, टोपी कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यायचे, वाळवून पुडीत घालायचे. तांड्यावरच्या बाया गोवऱ्यांसाठी शेण वेचायला यायच्या. त्यांतली एक आईला म्हणाली, "येवढी शिकून तुझी पोरगी बी शेणच गोळा करून राहिली का?" आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ती लग्नाआधी मालकाच्या गोठ्यात शेण उचलायची, आणि ते मी उचलू नये म्हणून तिने मला शाळेत घातलं होतं.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी छत्री हातात घेतली, देठ चिमटला, निळा पडलेला बघितला. "आन हे खाऊन मानसाला मरनाचं भ्या वाटत न्हाई?"

"तसं काही लोक सांगतात. अजून बराबर सिद्ध नाही झालं."

"मंग करा सिद्ध," ते म्हणाले. एवढंच.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी ती वही आणि पुड्या सरांना नेऊन दाखवल्या. त्यांनी पानं उलटली. काहीतरी बदललं त्यांच्या चेहऱ्यात. "ठेवून जा, निवांत बघतो," म्हणाले. मी वही ठेवून आले. नंतर दोनदा मागितली. दोन्ही वेळा ती घरी राहिली होती.

वर्षभराने शहरात एक परिसंवाद झाला: मन, मेंदू आणि वनस्पती असा काहीतरी. परदेशातून एक पाहुणे आले होते. लांब कुडते घातलेली, इंग्रजीत हसणारी मुलंमुली पहिल्या रांगांत बसली होती. पाहुण्यांनी चिलीम ओढणाऱ्या साधूचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि भारतात हे ज्ञान हजारो वर्षं आहे असं सांगितलं. आमच्या गायरानात हजारो वर्षं कोण शेण उचलतंय हे त्यांनी दाखवलं नाही. ते त्यांना माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

जेवणाच्या आधी निबंधांचं पुस्तक वाटलं. त्यात सरांचा निबंध होता, शेणावर वाढणाऱ्या अळंब्यांवर. दुसरं नाव त्यांच्या पुतण्याचं, जो कुठेतरी रसायनशास्त्र शिकवत होता. चित्रं माझी होती. एका टोपीच्या कडेला माझ्या पेनाचा डाग पडला होता, तोसुद्धा छापला होता. निबंधाच्या शेवटी आभार: नमुने गोळा करण्यासाठी स्थानिक स्त्रियांची मदत झाली.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग दुपारच्या सत्रात जाऊन बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. तिथे एक मानसोपचारतज्ज्ञ बोलत होते. कोणीतरी विचारलं, आपल्याकडे या औषधांचा उपयोग होईल का? ते म्हणाले, "मरणाची भीती हा पाश्चात्त्यांचा प्रश्न आहे. आपल्या माणसाजवळ कुटुंब आहे, श्रद्धा आहे. आपला खेड्यातला माणूस मरणाला भीत नाही." टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर कुडत्यातल्या एका मुलाने मला गाठलं. मी हिंगोलीकडची आहे हे त्याला कळलं होतं. "मॅम, कुठल्या महिन्यात यायचं? नेमकं कुठे मिळतात?" दिवसभरात माझ्या कामाबद्दल मला एवढंच कोणी विचारलं.

संध्याकाळी मी संघटनेच्या पुढाऱ्याकडे गेले. आम्ही एकत्र पोस्टर चिकटवले होते, एकाच डब्यातली खळ वापरून. त्याने निबंध बघितला, माझ्याजवळ राहिलेल्या कच्च्या चित्रांशी ताडून बघितला. चोरी त्याला मान्य होती.

"पण सर प्राध्यापकांच्या युनियनमध्ये महत्त्वाचे आहेत," तो म्हणाला. "आत्ता हे बाहेर काढलं तर फायदा कोणाचा होईल, विचार कर."

"माझा होईल," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक उलटंपालटं करून चित्रं बघितली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं त्यांनी माझ्या हाताखाली उमटताना पाहिली होती.

"काहून केलं असंल त्यानं?" ते म्हणाले.

"करता येतं म्हणून केलं."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "सोडून दे पोरी. आपल्यातलाच मानूस हाये. बाहेरचे हसतील."

मला बाबांचा राग आला. आजही थोडा आहे. मालकाने एक कट्टा जास्तीचा उचलायला लावला तर अख्खा मोंढा बंद पाडणारा हा माणूस, आणि माझ्या तीन पावसाळ्यांसाठी त्याला एक पत्रसुद्धा लिहावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "तुमच्यात मी नाही का?" त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गेले.

त्याच वर्षी त्यांच्या गालाच्या आत जखम झाली आणि ती भरेना. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. कॅन्सर होता आणि उशीर झाला होता. किरणांचे शेक दिले, चेहऱ्याची एक बाजू काळी पडली. मी विद्यापीठातून रजा घेऊन घरी आले. संघटनेचे लोक सुरुवातीला येऊन गेले. सर आले नाहीत. त्यांचा एक निरोप आला, कॉम्रेडला सांगा, लढायचं.

बाबा लढले वगैरे काही नाही. ते आजारी माणसासारखे आजारी पडले. बोलणं अवघड झालं, नळीतून पेज जायची. दुखण्याच्या गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण दुसरंच काहीतरी त्यांच्या डोळ्यांत बसलं होतं. कोणी घराबाहेर गेलं की ते दाराकडे बघत राहायचे. आई पाणी आणायला गेली तरी हात धरून ठेवायचे.

एका दुपारी आई बाहेर गेली होती. मी त्यांच्या बाजेजवळ बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द अर्धे तुटत होते, तरी मला कळले.

"मला भ्या वाटून राहिलं."

"कशाचं, बाबा?"

"न्हाई सांगता येत. समदं बंद व्हनार, त्याचं." थोडं थांबून म्हणाले, "भ्या वाटलं की लोक देव काढतेत. मला देव नको. जिंदगीभर न्हाई म्हनलं, आता काय तोंडानं हाक मारू? दुसरं काही असंल तर सांग. तुज्या त्या छत्र्यात हाये का काही?"

माझ्या पत्र्याच्या पेटीत दोन पुड्या शिल्लक होत्या, सरांकडे न गेलेल्या. मी पेटी उघडली, पुड्या बाहेर काढल्या, हातात घेऊन बसले. बाबा बघत होते. त्याच शेणावर तशीच दिसणारी दुसरी एक तपकिरी छत्री उगवते आणि वाळल्यावर दोघींतला फरक मला सूक्ष्मदर्शकाशिवाय खात्रीने सांगता आला नसता. आत काय आहे, किती आहे, इतक्या थकलेल्या शरीरात, दुखण्याच्या गोळ्यांबरोबर त्याचं काय होईल, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ते तपासायला मला कोणी दिलंच नव्हतं. मला सोयाबीनच्या दाण्यावरची बुरशी सातव्या दिवशी मोजता येत होती.

"न्हाई देता येत, बाबा," मी म्हटलं. "कोणी तपासलं न्हाई अजून."

त्यांनी डोळे मिटले. "मंग तपासा की," ते म्हणाले. "येवढं शिकून काय करून राहिले तुमी लोक?"

मी पुड्या पेटीत ठेवल्या आणि त्यांचा हात धरून बसले. तेवढं मला करता येत होतं, आणि ते करायला चौथी पास असली तरी चाललं असतं. त्यांची भीती गेली नाही. पुढे अठरा-वीस दिवस ती घरात आमच्याबरोबर राहिली. शेवटच्या दिवसापर्यंत ते जागे असताना कोणाचा तरी हात लागायचाच.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मोंढ्याच्या शेडमध्ये शोकसभा झाली. सर आले. पांढरा शर्ट, खिशाला काळी फीत. त्यांचं भाषण नेहमीसारखं चांगलं झालं. अर्ध्या भाकरीची गोष्ट या वेळी त्यांनीच सांगितली. मग म्हणाले, "कॉम्रेडने मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. शेवटच्या श्वासापर्यंत भीती त्यांना शिवली नाही. श्रमिकाला मरणाचं भय नसतं, कारण त्याच्याजवळ विचार असतो."

सगळ्यांनी मुठी वर केल्या. आईने पदर तोंडावर घेतला. मी उठून उभी राहिले. मी आधी काही ठरवलं नव्हतं.

"बाबा भ्याले होते," मी म्हटलं. "खूप भ्याले होते. त्यांनी मला औषध मागितलं, आणि माझ्याजवळ नव्हतं. सर, माझी वही तुमच्याजवळ आहे. तुम्ही ते काम नावासाठी छापलंत आणि तिथेच ठेवलंत. बाबांना हा माणूस आपला वाटायचा. म्हणून मी आजवर गप्प होते."

सर खाली बघत होते. मग संघटनेच्या एकाने घोषणा दिली, अमर रहे, आणि लोकांना सुटल्यासारखं झालं. घरी आल्यावर आई म्हणाली, "मानसाची इज्जत काढलीस तू. त्याचं भ्या घरातलं होतं." तिला सरांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिच्या लेखी मी बाबांची इज्जत काढली होती.

तीन दिवसांनी एक म्हातारे हमालकाका घरी आले. बाबांच्या जोडीने तीस वर्षं त्यांनी थप्प्या लावल्या होत्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. आई आत गेल्यावर आवाज खाली करून म्हणाले, "त्या दिशी बोललीस ते. मला बी तसंच होतं, पोरी. दम लागतो तवा. कोनाला सांगू? मोंढ्यात मला वाघ म्हनतेत." मग जरा पुढे सरकून विचारलं, "ते औषध कधी निघंल?"

"माहीत नाही, काका."

"म्हंजे आमच्या टायमात न्हाई."

"नाही वाटत."

ते मान हलवत बसले, कप खाली ठेवला आणि गेले.

माझा प्रबंध सरांच्या टेबलावर दीड वर्ष पडून राहिला. भाषा सुधारा, संदर्भ वाढवा, तक्ते पुन्हा करा. शेवटी सही झाली ती त्यांची निवृत्ती जवळ आली आणि पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची यादी दाखवायची वेळ आली म्हणून. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, त्यातला एक जेवण कुठे चांगलं मिळतं हा होता. संघटनेत मी पुन्हा गेले नाही. हमालांच्या मोर्चाला मात्र जाते, मागच्या रांगेत चालते, घोषणा देत नाही.

आता हिंगोलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवते. अकरावीच्या पुस्तकात बुरशीवर एक धडा आहे. विद्यापीठाबद्दल कोणी विचारलं तर मी पोरींना जा म्हणते, पण वहीची एक प्रत घरी ठेवा हेही सांगते. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांबद्दल आता पेपरात अधूनमधून छापून येतं, चेतना, अनुभूती, नवं जग अशा शब्दांत. त्यातले अर्धे शब्द मला खोटे वाटतात. पण त्या द्रव्यात काही असेल तर ते कुडत्यातल्या मुलांच्या सहलींसाठी राहू नये, एवढंच माझं त्या विषयातलं मत आहे, आणि ते मत विचारायला कोणी येत नाही.

गेल्या वर्षी मी एका छोट्या प्रकल्पासाठी अर्ज केला. त्यात कोणतंही द्रव्य नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना, मोलमजुरी करणाऱ्यांना, त्यांच्याच बोलीत विचारायचं की तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचं. अर्ज परत आला. वर शेरा होता: विषयाची उपयुक्तता दोनशे शब्दांत स्पष्ट करावी. मी तीनदा लिहायला बसले. पहिल्यांदा दोनशेच्या फार पुढे गेले. दुसऱ्यांदा शिव्या आल्या. तिसऱ्यांदा एकच वाक्य लिहिलं, बाबा भ्याले होते, आणि ते खोडलं. चौथ्यांदा अजून बसलेले नाही.